चाळीसच्या वर न गेलेली गाडी

मल्हारी हा गायधनी वकिलांचा ड्रायव्हर. गाडी चार दारांची गॅझेल, रंग राखेचा, चेहरा चौथीच्या मास्तरांसारखा सोशिक. सत्त्याहत्तर साली ही गाडी कारखान्यातून निघायची बंद झाली, तेव्हा नाशकात कुणाच्या घशातला घास अडला नाही. मल्हारीने मात्र दोन दिवस दाढी केली नाही.

कारण ती आतून काय आहे हे त्याला एकट्याला ठाऊक होतं. नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात रविवारमागून रविवार घालवून त्याने वेग वाढावा म्हणून इंजिनाचं हेड घासलं होतं, भंगारातला दुसरा कार्ब्युरेटर जोडला होता. बाहेरून मात्र साधा पट्टासुद्धा मारला नाही. उलट मडगार्डवरचा गंज तो पोटच्या पोरासारखा जपायचा. म्हणायचा, पैलवानाने सदरा घालूनच हिंडावं.

वकीलसाहेबांना वेगाची धास्ती. काटा चाळीसला टेकला की त्यांची रामरक्षा सुरू व्हायची. त्यामुळे मल्हारी त्यांना चांदवडच्या कोर्टात सोडायचा आणि मग जगायचा. राहुडच्या घाटात एकदा त्याने एक लांबलचक परदेशी गाडी मागे टाकली. तिच्या बिचाऱ्या मालकाला आपलीच गाडी बिघडली असं वाटलं असणार. हे त्याने फक्त बायकोला, चांगुणाला सांगितलं आणि वर तिला सप्तशृंगीची शपथ घातली.

त्याची एकच आस होती: साहेबांनी गाडी विकायला काढली की ती आपल्याकडे यावी. साहेबांनी तसा शब्दही दिला होता.

पंच्याऐंशीत साहेबांनी पांढरी मारुती घेतली. मल्हारी तेव्हा भाचीच्या लग्नाला मनमाडला गेला होता. परतला तर गॅझेलची जागा रिकामी, आणि तिथे एक कोरी सायकल उभी.

"तुलाच द्यायची होती रे," साहेब म्हणाले. "पण मन होईना. धड पन्नासने पळत नाही, पार्ट मिळत नाहीत. ते मढं तुझ्या गळ्यात कशाला बांधू? ही सायकल घे. ही तरी पळेल."

मल्हारीने खरं सांगितलं असतं तर इतक्या वर्षांची चोरी कबूल करावी लागली असती. शिवाय साहेबांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. त्याने सायकल घेतली.

गाडी पिंपळगावला कारभारी नावाच्या द्राक्षबागायतदाराकडे गेली होती. मल्हारी सायकल हाणत तिथे पोचला. आवाज त्याने बांधावरूनच ओळखला. गाडीच्या सांगाड्यात कोंबड्या बसल्या होत्या आणि इंजिन लोखंडी घोडीवर चढून, रॉकेलवर खोकत, औषध फवारणीचा पंप ओढत होतं.

मल्हारी गाडीचा जुना ड्रायव्हर आहे म्हटल्यावर कारभारीला देवच भेटला.

"मिस्तरी, इंजिन झ्याक हाय, पण लय पिसाळतं. पाइप फाटत्यात. जरा हळू करून द्या ना."

मल्हारीने पाना मागितला. दुसरा कार्ब्युरेटर काढून भोक बंद केलं, स्क्रू आवळत आवळत नेला. इंजिन हळूहळू मास्तरांसारखं बोलू लागलं. कारभारीने खूश होऊन चहा पाजला.

गाडी मिळाली का, असं घरी चांगुणाने विचारलं. मल्हारीने खिशातला कार्ब्युरेटर चुलीपाशी ठेवला.

"चाळीसला बसवून आलो," तो म्हणाला.