अल्लीपूरच्या रेडिओचा घसा

“बंद करा म्हणते ना ते! घरात कापूस हाये, कापूस!”

ओरडत होत्या अल्लीपूरच्या सरूबाई. त्या ओरडत होत्या त्यांच्या यजमानांवर, शामरावांवर. ‘ते’ म्हणजे शामरावांचा जुना, लाकडी पेटीतला रेडिओ. त्याच्या पाठीतून धुराची एक बारीक, निळसर दोरी निघून छताकडे चालली होती, आणि छतापर्यंत रचलेला यंदाचा सगळा कापूस तिथून हातभर अंतरावर तिची वाट पाहत होता. मी दोघांच्या मध्ये हातात पेचकस घेऊन उभा. शेवटी मीच झेप घेऊन प्लग उपटला. इतक्या जोरात उपटला, की भिंतीतली लाकडी पट्टीसुद्धा हातात आली आणि शेजारच्या घरातला दिवा विझला.

पण मी नाशिकचा माणूस तिथे पोचलो कसा, ते आधी सांगायला हवं.

मला जुने रेडिओ जिवंत करायचा नाद आहे. पोटापाण्यासाठी नव्हे, पोटापाण्यासाठी मी कचेरीत जातो. ट्रान्झिस्टर आले तसे लोकांनी मोठाले व्हॉल्व्हचे (आतल्या काचेच्या दिव्यांचे) रेडिओ माळ्यावर टाकले, आणि मी ते उतरवून घरी आणू लागलो. त्या एकोणऐंशीच्या हिवाळ्यात आमच्या घरात माणसांपेक्षा रेडिओ जास्त झाले होते. एक पाहुणा चुकून ग्रामोफोनवर डोकं ठेवून झोपला, तो सकाळी गोल गोल फिरतच उठला. बायकोने मला स्पष्ट सांगितलं, की आता एकतर तिसावा रेडिओ या घरात येईल, किंवा तिची आई. मी बराच विचार केला, आणि विचार करायला निवांतपणा हवा म्हणून वर्ध्याला निघालो.

वर्ध्यात माझा दोस्त प्रभाकर होता. पूर्वी नाशकात नोकरीला असताना हा नाद मीच त्याला लावला. आता तो बदलून आपल्या मुलखात गेला होता, आणि तिकडच्या माळ्यामाळ्यांवर रेडिओ नुसते पिकून पडलेत, ये, असं त्याचं पत्र होतं.

गाडी सकाळी वर्ध्याला लागली. थंडी अशी, की फलाटावर चहावाल्याने कपात चहा ओतला आणि मी उचलेपर्यंत वर साय नाही, बर्फ धरला. संत्र्यांच्या करंड्यांचा वास सगळ्या स्टेशनभर. बाहेर कापसाच्या बंड्यांची (बैलगाड्यांची) रांग बाजाराकडे चाललेली. रांग इतकी लांब, की पहिल्या बंडीचा कापूस मोजून होईतो शेवटच्या बंडीचे बैल गावात गोठ्यातच रवंथ करत असावेत. सायकलरिक्षावाल्याने माझी पेटी हातात तोलून पाहिली, मग मला पाहिलं, आणि चढ लागला की दोघांपैकी एकाला उतरावं लागेल असं बजावलं. पूर्ण रस्ताभर एकही चढ नव्हता, तरी नालवाडीपर्यंत मी दोनदा उतरलो.

नालवाडीला प्रभाकरच्या घरी पाऊल टाकलं आणि त्याची बायको विमल हिने पुढ्यात सांबारवडी ठेवली. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बेसनाच्या पातळ पारीत कोथिंबीर, खोबरं, खसखस भरून तळतात आणि वर चिंचेचं पाणी घालतात. मी किती खाल्ल्या ते सांगत नाही. त्या दिवशी वर्ध्याच्या बाजारात सांबार मिळालं नाही अशी तक्रार नंतर कानावर आली, एवढंच.

“हेच मी रेडिओवर सांगतलं, भाऊजी,” विमल म्हणाली. “उद्या दुपारी लागते.”

नागपूर केंद्रावर बायकांच्या कार्यक्रमासाठी ती सांबारवडीची कृती सांगून आली होती. मी तिचं तोंड भरून कौतुक केलं (तोंड भरलेलंच होतं). पण तिचा चेहरा काही खुलेना. ती आत गेल्यावर प्रभाकरने खरी गोष्ट सांगितली. अल्लीपूरचे शामराव, म्हणजे विमलचे वडील, यावरूनच रुसले होते. आपल्या चुलीवरचं साऱ्या जिल्ह्याला माइकवरून सांगायचं काय अडलंय, असं ते दिवाळीला बोलले, ही उलट बोलली, आणि तेव्हापासून त्यांनी नालवाडीची पायरी चढली नव्हती. निरोप गेला, की घरात कापूस आहे, सोडून कसं येऊ, एवढंच उत्तर यायचं. आणि आता आजच सरूबाईंनी बाजाराला आलेल्या माणसाच्या तोंडी कळवलं होतं: बुढ्याचा जुना रेडिओ मुका झालाय, उद्या दुपारच्या आत कोणी दुरुस्त करणारा धाडा.

“बुढा ऐकाले तयार हाये, समजलं का?” प्रभाकर हळूच म्हणाला. “मी गेलो तं पुन्हा फुगून बसते. तू जा.”

आजवर मी गाण्यांसाठी, बातम्यांसाठी रेडिओ दुरुस्त केले होते. रुसवा काढायला पहिल्यांदाच निघालो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच अल्लीपूरची एस.टी. धरली. व्हॉल्व्ह फुटू नयेत म्हणून मी ते एकेका पायमोज्यात घालून आणले होते आणि मोजे मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टरने ते पाहिलं.

“अंडे हायेत का?”

“व्हॉल्व्ह आहेत. रेडिओचे.”

“मंग मांडीवर घेऊन काऊन बसले? उबवून राह्यले का?”

सगळी गाडी हसली. पुढे दर खड्ड्याला मागून कोणीतरी विचारायचं, पिल्लू निघालं का हो. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने मात्र गंभीरपणे एक मोजा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि उतरेपर्यंत त्याला धक्का लागू दिला नाही. बाहेर तुरीची उभी शेतं, हिरवा हरभरा, वेचणी झालेल्या पऱ्हाट्या (कापसाची झाडं), आणि रस्त्याच्या दोन्ही कडांच्या बाभळींना जाणाऱ्या बंड्यांतला कापूस अडकलेला. काट्याकाट्यावर पांढरे पुंजके. वाटलं, देवाने या रस्त्याची दाढी करायला साबण लावला आणि मग दुसऱ्या कामाला निघून गेला.

शामराव स्टँडवरच उभे होते. उंच, वाळके, खांद्यावर दुपट्टा. मी आलो तो सहज, त्यांना तिथे भेटलो तोही सहज, असं त्यांनी सगळं सहज ठेवलं. रेडिओ कशाला हवा, तर कापसाचे भाव ऐकायला.

भाव तर संध्याकाळी सांगतात, मी म्हणालो, आणि पंचायतीत रेडिओ आहेच की.

“तिथं सारे आपल्या तोंडाकडे पाहत बसतात,” शामराव म्हणाले.

“भाव ऐकताना?”

घर येईपर्यंत शामराव दुपट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिले.

घरात पुढच्या खोलीत कापूस. मागच्या खोलीत कापूस. भाव चढेल म्हणून घरोघर असाच भरून ठेवलेला. माणसं राहायची ती मधल्या बोळातून. त्या घरात मी शिंकलो आणि माझी शिंक मलाच ऐकू आली नाही. एका कोनाड्यात रेडिओ. काय सुंदर चीज! सागवानी पेटी, हस्तिदंती रंगाची बटणं, आणि मधोमध तो काचेचा डोळा, स्टेशन नीट लागलं की हिरवा उजळणारा. माझे हात शिवशिवायला लागले. मागची फळी उघडायला मी पेचकस काढला, तेवढ्यात शामरावांना धीर धरवेना. कसा मुका झालाय ते आधी दाखवतो म्हणत त्यांनी प्लग खोचला, बटण फिरवलं, आणि पुढचा धूर, आरडाओरडा आणि माझी झेप तुम्ही सुरुवातीलाच पाहिलीत.

धूर थांबल्यावर मी फळी उघडली. आत रेडिओ दिसेना. आत कापूस होता. नीट, ठासून, उशीत भरावा तसा भरलेला, मधोमध करपून तपकिरी झालेला. मी ओढत गेलो, ओढत गेलो. एक गादी, दोन लोड आणि जावयाची रजई होईल एवढा कापूस त्या पेटीतून निघाला असेल.

“हे कोणी भरलं?” मी विचारलं.

सरूबाई पदर सावरत पुढे आल्या. “थंडी पडली अन् त्याचा घसा बसला, भाऊ. नुसता खरखर करे. बुढ्याच्या कानात घालतो कापूस, तं मी म्हटलं याच्यातही घालून पाहू.”

“अन् मले सांगतलं नाई?” शामराव म्हणाले.

“तुमाले सांगाले तुमच्या कानात कापूस होता.”

आता कामाला लागलो. एक व्हॉल्व्ह गेला होता, तो मोज्यातला बसला. एक तार करपली होती, ती बदलून डाख दिला. पण खरी पंचाईत पुढे होती. स्टेशन बदलायचं बटण फिरवलं की आत पत्र्याच्या पातळ पात्या एकमेकींत शिरतात, एकमेकींना न शिवता. त्या फटींमध्ये कापसाचे तंतू असे गुंतले होते, की चिमटा शिरेना आणि फुंकर पोचेना. मी सरूबाईंकडे कोंबडीचं पीस मागितलं. कोंबडीने मला अंगणभर पळवलं, गोठ्याच्या छपरावर चढवलं, खाली पाडलं, आणि शेवटी कंटाळून एक पीस माझ्यासाठी टाकून निघून गेली. त्या पिसाने एकेक फट साफ केली. फळी बसवली, उपटलेली पट्टी भिंतीत परत ठोकली. एरियलची तार खिडकीबाहेर लिंबाला बांधली. वेळ झालीच होती.

बटण फिरवलं. व्हॉल्व्ह पेटले, पण कसे? विडीच्या थोटकासारखे. तांबूस, मेलेले. डोळा उघडेना. आवाजाच्या नावाने विहिरीच्या तळाशी कोणी कुजबुजावं तसं काहीतरी. मी कान लावला, पुन्हा सगळं तपासलं. रेडिओत काही चूक नव्हती. डोक्यावरच्या दिव्याकडे पाहिलं, तर तोही पिवळा, मरगळलेला.

“लाइन कमजोर आहे,” मी म्हणालो. “व्होल्टेजच नाही.”

“दुपारी असंच राह्यते,” सरूबाई म्हणाल्या. “साऱ्यायचे पंप चालू हायेत ना, हरभऱ्याले पाणी देऊन राह्यले. एकच डीपी हाये.”

मी हात टेकले. डीपी (विजेच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर) काही माझ्या मोज्यात मावला नसता. पंप थांबले तरच रेडिओ बोलणार, आणि पंप थांबायचे तर कोणीतरी शेतकऱ्यांना जाऊन सांगायला हवं. काय सांगणार? भर पाणीपाळीत पंप बंद करा, का, तर शामरावांची विमल रेडिओवर बोलतेय. म्हणजे जे तोंड पंचायतीत कोणी पाहू नये म्हणून हा सगळा खटाटोप, ते घेऊन शिवारभर फिरायचं.

सरूबाई शामरावांकडे पाहत होत्या. शामराव रेडिओच्या बंद डोळ्याकडे पाहत होते. मग त्यांनी कानातला कापूस काढला, खिशात ठेवला, आणि चपला न घालताच बाहेर पडले.

मी मागे धावलो. तो माणूस चालत नव्हता, बांधांवरून उडत होता. पहिल्याच विहिरीवर उभं राहून त्यांनी असा आवाज टाकला, की पलीकडच्या शिवारातल्या बैलांनी माना वर केल्या: “पंप बंद करा रे! माही विमल रेडिओवर बोलून राह्यली!”

एक पंप थांबला. मग पुढचा. हाक विहिरीवरून विहिरीवर गेली आणि सगळ्या शिवारातली धकधक एकेक करून विझत गेली. शेवटी अशी शांतता झाली, की हरभरा वाढताना ऐकू यावा. आणि पंप थांबलेली माणसं काय करणार? ती चिखलाच्या पायांनी आमच्या मागे घराकडे आली. त्यांच्या बायका आल्या. गिरणीवाला गिरणी बंद करून पिठासकट आला. मी नाशिकचा कुंभमेळा पाहिलाय, पण अल्लीपूरचं ते अंगण काही वेगळंच.

रेडिओचा डोळा हळूहळू उघडला. हिरवागार. आणि त्यातून विमलचा आवाज आला, इतका स्वच्छ, की सरूबाईंनी सवयीने “आली का बाई” म्हटलं. बेसन असं भिजवा, सांबार असं निवडा, खसखस अशी भाजा. बायका माना डोलावत होत्या. पुरुष मात्र रेडिओकडे पाहतच नव्हते. ते शामरावांचं तोंड पाहायला आले होते, आणि शामराव कापसाच्या ढिगाकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ फिरवून बसले होते. त्यांची पाठ हलली नाही. अगदी शेवटचा शब्द संपेपर्यंत हलली नाही.

“पोरगी झकास बोलली, शामराव,” कोणीतरी म्हणालं.

शामराव उठले, डोळ्यांत तूस गेल्यासारखे दुपट्ट्याने चोळले, आणि आता पंप चालू करा, हरभरा वाळेल, असं म्हणून सगळ्यांना हाकलून दिलं. त्यानंतर दिवसभर त्यांनी कार्यक्रमाचा विषय काढला नाही. मला वांग्याची भाजी, भाकर आणि ठेचा असं जेवायला घातलं. ठेचा असा होता, की मी त्यानंतर एस.टी.त खिडकीबाहेर तोंड काढून श्वास सोडला तेव्हा बाभळीवरचा कापूस करपला.

स्टँडवर निघताना शामरावांनी कागदाची एक पुडी माझ्या हातात दिली. विमलला द्या. वर काही निरोप नाही.

परतताना ऊन उतरलं होतं. मोजे रिकामे, पोट भरलेलं. तो रेडिओ मी मागितलाही नाही, आणि माझ्यासारख्या माणसाने असा रेडिओ तिथेच सोडून यावा, हे नाशकात कोणाला सांगितलं तर तो माझ्या बाकीच्या गोष्टींपेक्षा याच्यावरच अविश्वास दाखवेल. पण आम्ही हे जुने खोके उघडतो ते कशासाठी, हे मला त्या दिवशी थोडं कळलं. माळ्यावर रांगेत बसवून पुसायला नव्हे. कोणाच्या तरी कोनाड्यात, कोणाचा तरी आवाज यायला.

नालवाडीला पोचलो तर विमल दारातच. मी बसायच्या आधीच सुरू झालो: दोनशे पंप, दहा हजार माणसं, छपरावरची कोंबडी, सगळं. ती ऐकत होती. शेवटी मी पुडी दिली. तिने उघडली. आत मीठ होतं. साधं खडेमीठ.

“बाबांनी मीठ कशाला पाठवलं?” मी विचारलं.

विमलने पुडीची घडी पुन्हा नीट घातली.

“रेडिओवर सांगाचं राह्यलं होतं माह्याकून,” ती म्हणाली.