पिवळ्या स्वेटरवाला माणूस

आधीच सांगते, आमच्या घरात लिंबू फक्त सरबतात जातं. भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी सरळ उठून जाणारी बाई... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

नागपूरला मिहानमधल्या एका लहान कंपनीत मी काम करते. थ्री-डी व्हिडिओ बघणाऱ्याला कसा वाटतो, ते तपासायचं. लोकांना चष्मा द्यायचा, क्लिप दाखवायची आणि विचारायचं – खोली जाणवली का? डोळे दुखले का?

गेल्या हिवाळ्यात आम्ही रामटेकला गेलो होतो. ऑफिसचा दोन लेन्सचा कॅमेरा सोबत होता. गडाच्या पायऱ्यांवर सासूबाई आणि माझा नवरा प्रफुल्ल शेजारीशेजारी बसलेले, अशी क्लिप काढली आणि टेस्टमध्ये टाकली.

पहिल्या आल्या एक रिटायर्ड शिक्षिका. म्हणाल्या, "आजी अगदी समोर बसल्यासारख्या वाटतात. ते पिवळ्या स्वेटरवाले मात्र कागदाचे वाटून राहिले."

पिवळा स्वेटर प्रफुल्लचा.

दुपारी कॉलेजची एक मुलगी आली. दोघींची भेटसुद्धा झाली नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, ते दादा मागून चिपकवले का?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. डाव्या आणि उजव्या लेन्सचं चित्र एकमेकांवर ठेवून बघितलं. दोन लेन्समध्ये अंतर असतं, म्हणून जवळची प्रत्येक वस्तू दोन्हीत थोडी सरकलेली दिसते. खोली त्यातूनच कळते. सासूबाई सरकल्या होत्या, पायऱ्या सरकल्या होत्या. प्रफुल्ल दोन्हीकडे जिथल्या तिथे! कॅमेरा बिघडला असता तर सगळंच चपटं दिसलं असतं ना... एकच माणूस कसा?

घरी सांगितलं तर हसला. "मी काय पोस्टर आहो का वं?"

तरी हट्टाने धंतोलीतल्या दवाखान्यात नेऊन सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत. पण माझा जीव काही थाऱ्यावर येईना.

मग मला एक खोड लागली. जेवताना समोर बसून एक डोळा मिटायचा, मग दुसरा. असं केलं की समोरची वस्तू मागच्या भिंतीवर इकडची तिकडे सरकते. प्रफुल्ल रोज सरकायचा आणि माझ्या घशाखाली घास उतरायचा.

"काहून डोळे मारून राहिली वं? आई बसली आहे इथं," तो म्हणायचा. मी त्याला ताकास तूर लागू दिली नाही.

परवा रविवारी पुन्हा तसंच केलं. पाण्याचा पेला सरकला, सासूबाई सरकल्या.

प्रफुल्ल सरकला नाही.

मी हात पुढे करून त्याचं मनगट धरलं. गरम होतं, नाडी चालू होती. "सोड ना, जेवून राहिलो मी," तो म्हणाला. मी त्याला पोळी वाढली.

याचा अर्थ काय, मला सांगता येत नाही. तेव्हापासून त्याच्याकडे बघताना मी दोन्ही डोळे उघडे ठेवते.