वासंतीताईंचे शनिवार

बातमी आली तेव्हा मी बसवाल्याशी भांडत होते. ऑनर्सच्या मुलांना जयपूरजवळच्या सांगानेरला कापडावरची छपाई शिकायला न्यायचं होतं आणि त्याने ऐन वेळी लहान गाडी पाठवली होती. वासंतीताई गेल्या, असं त्यांच्या यजमानांनी, माधवरावांनी, फोनवर सांगितलं. मी "येते" म्हणाले, मुलांना दाटीवाटीने बसवून गाडी रवाना केली आणि मगच रिक्षा पकडली. त्यांनीही असंच केलं असतं.

आमच्या विद्यापीठात हुशार मुलांसाठी ऑनर्सचा वेगळा वर्ग आहे. या मुलांनी शनिवारी पुस्तकाबाहेरचं काहीतरी करावं, ही कल्पना वासंतीताईंची. त्या इतिहास शिकवायच्या, मी कार्यालयात. त्या मुलांना म्हाताऱ्या माणसांकडे पेपर वाचून दाखवायला पाठवायच्या, कधी रंगात हात बुडवायला लावायच्या, आणि मी मुलांच्या या सेवेचे तास मांडायची. तास भरल्याशिवाय ऑनर्सची पदवी मिळत नाही. यावरून आमचं वर्षानुवर्षं वाजायचं. रेल्वेतल्या वडिलांच्या बदलीमुळे त्या लहानपणीच जयपूरला आलेल्या. रागावल्या की मध्येच हिंदी यायचीच. "मतलब, हा काय ओव्हरटाइम आहे?" मी म्हणायची, "ताई, तास नसतील तर शनिवारी तुम्ही आणि मी, दोघीच बसू."

आजारपणात त्यांचं बाहेर पडणं थांबलं, तेव्हा मुलं तिलक नगरला त्यांच्या घरी येऊ लागली. कोणी वाचून दाखवायचं, कोणी भाजी निवडायचं, खोली भरलेली असायची. मग एक दिवस त्यांना कळलं, की याचेही तास मी देते आहे. उशीला टेकून त्यांनी मला विचारलं,

"म्हणजे मी आता उपक्रम झाले?"

"नाहीतर कोण आलं असतं?"

"तेच तर बघायचंय मला. बंद कर ते. जायच्या आधी एवढं कळू दे."

मी बंद केलं. दुखणेकऱ्याशी वाद कोण घालणार? पुढच्या शनिवारी निम्मी मुलं आली, मग परीक्षा लागल्या, मग कोणीच नाही. माधवराव पातेलंभर पोहे करून ठेवायचे आणि आम्ही तिघं ते खात बसायचो. माझं खरं झालं होतं, पण आनंद वगैरे काही झाला नाही. नुसता थकवा आला. मुलं वाईट नव्हती. त्यांना वेळ नव्हता, इतकंच.

आणि मग भावना आली. तीही ऑनर्सचीच, पण जयपूरबाहेरच्या चाकसूहून बसने ये-जा करणारी. दुपारचा वर्ग आणि संध्याकाळची बस यांच्यामध्ये तिला टेकायला जागा नव्हती. दारात उभी राहून म्हणाली, "मॅम, थोड़ी देर सो जाऊँ?" वाचन नाही, विचारपूस नाही. समोरच्या दिवाणावर आडवी झाली आणि घोरायला लागली. मी उठवायला निघाले, तर ताईंनी हात धरला.

"अहो ताई, आजारी माणसाच्या खोलीत..."

"गप. ती कामावर नाही आलेली. घरी आलीये."

नंतर ती दर शनिवारी यायची, झोपायची, जायची. ताई तिच्याकडे बघत पडून राहायच्या, एखाद्याने पैज जिंकल्यावर बघावं तशा. मला ते कुठल्याच सेवेत बसवता येईना. तसं म्हटलं की हसायच्या, "बसवूच नकोस ना!"

परवाच्या शनिवारी त्यांची पुस्तकं ग्रंथालयासाठी बांधायला गेले, तर भावना दिवाणावर झोपलेली. "येते अजून," माधवराव हळूच म्हणाले. "मी काही विचारत नाही." मी गठ्ठे बांधले. पाठ भरून आली, म्हणून ताईंच्या खुर्चीत जरा टेकले. इतकी वर्षं या घरात येते आहे, पण कामाशिवाय कधी बसले नव्हते. डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं, दिवाण रिकामा होता, आणि टेबलफॅनचं तोंड कोणीतरी माझ्याकडे वळवून ठेवलं होतं.