खडू न धरणारे गुरुजी

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कुणी ऐकलेली नाही. बायकोने नाही, मुलांनी नाही. तसा मी बोलका माणूस. बसमध्ये शेजारी बसलेल्याला माझ्या पित्तापासून नातवाच्या मार्कांपर्यंत सगळं सांगून मोकळा होतो. पण हे एक तोंडाशी आलं, की मी हवापाण्यावर जातो. आज नाही जाणार. बघू.

आधी त्यातलं बरं बरं सांगतो. चालेल ना?

मी निवृत्त झालो तेव्हा लोकांनी मोठा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणं. एकाने मला 'घोकंपट्टीचा शत्रू' म्हटलं. दुसरा म्हणाला, माणिकराव गुरुजींनी या भागातल्या मास्तरांना मुलांकडून शिकायला शिकवलं. मी खाली मान घालून हसत होतो. लोकांना वाटलं, केवढा हा विनय! विनय कसला हो? घोकंपट्टीशी माझं कधीच वैर नव्हतं. अहो, घोकून घ्यायचं म्हटलं तरी मास्तराला आधी काहीतरी यावं लागतं. मला येतच नव्हतं.

आमचा मुलूख निजामाचा. घरात मराठी, बाजारात कानडी आणि शाळेत उर्दू. हुमनाबादच्या शाळेत मी आणि शरणप्पा एका बाकावर बसायचो. शरणप्पा दुबलगुंडीकडचा, लिंगायताचा मुलगा, हसायला लागला की बाक हलायचा. त्रिकोणाला आम्ही मुसल्लस म्हणायचो आणि भूगोलाला जुगराफिया. तो माझी गणितं करायचा, मी त्याचा इम्ला लिहून द्यायचो. म्हणजे श्रुतलेखन. बघा, अजूनही पहिला शब्द उर्दूच येतो. शिकून आम्ही दोघेही मास्तर झालो, वेगवेगळ्या गावांत.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. हुकूम आला, की मुलांना आता त्यांच्या मातृभाषेत शिकवा. हुकूम सोन्यासारखा होता. पण मास्तर तेच होते ना! माझ्याकडे मराठीचा वर्ग आला. मराठी मला वाचता यायची, पोथीतली, बोट ठेवून ठेवून. लिहायला गेलो की पहिल्याच अक्षराला अडायचो. ऱ्हस्व कुठलं, दीर्घ कुठलं, जोडाक्षराचे पाय कुणीकडे वळतात — काही म्हणजे काही कळायचं नाही.

पहिल्याच दिवशी मी फळ्याच्या उजव्या टोकापासून लिहायला सुरुवात केली. उर्दूची सवय! मागून एक पोरगी म्हणाली, "गुर्जी, उलटं कामून लिहायलात?" वर्ग खदाखदा हसला. मीही हसलो. खडू तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "तुम्हाला कळतं का बघत होतो. लिही तूच."

झालं. तिथून सगळं सुरू झालं.

गावाचं नाव सांगत नाही. हळ्ळीखेडच्या बाजाराला पायी जाता येतं, एवढं पुरे. मराठीची पुस्तकं अजून आली नव्हती. एकदा एकाने विचारलं, विहीर कशी लिहायची? मला काय ठाऊक! मी गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, "मी सांगणार नाही. जा, शोधून आणा." पोरं सुटली वाऱ्यासारखी. कोणी पोस्टमनला विचारलं, कोणी भजनी बुवांना, कोणी वाण्याला. परत आली ती तीन तऱ्हांची विहीर घेऊन. वर आणखी, गावची विहीर किती परस खोल, ती कुणी खणली, उन्हाळ्यात पाणी कुठल्या पायरीवर जातं, हेही विचारून आली! दुपारभर वर्गात भांडण. शेवटी मारुतीच्या देवळातल्या छापील पोथीत 'विहीर' सापडली, तेव्हा पोरांनी ती गावावरून मिरवत आणायचीच बाकी ठेवली. मी मागे बसून माझ्या वहीत गुपचूप लिहून घेतलं. 'वि'ची वेलांटी पहिली. 'ही'ची दुसरी.

मग रोजच तसं. शब्द शोधायला पोरं सुताराकडे जायची, कुंभाराकडे जायची, आज्यांपाशी बसायची. सापडलेला शब्द भिंतीवर गेरूने लिहायचा. वर्षभरात शाळेच्या चारी भिंती भरल्या. आणि खरं सांगू? पोरं शिकली. चांगली शिकली. आधी ज्यांना काठी दाखवून शाळेत आणावं लागायचं, ती सकाळी माझ्या आधी दारात उभी असायची. त्या वर्षाइतकं सुख मला पुन्हा नोकरीत मिळालं नाही. लबाडीत इतकं सुख असतं का? त्या वेळी तरी होतं.

तपासणीला साहेब आले. नवे साहेब होते, उमदे. भिंती वाचत वाचत ते अख्ख्या शाळेला फेरी मारून आले. पोरांना त्यांनी प्रश्न विचारले, तर पोरांनी त्यांनाच उलट प्रश्न विचारले. साहेब हरखून गेले. मला म्हणाले, ही पद्धत तुम्ही कुठे शिकलात? मी म्हणालो, "वाचलंय, साहेब." काय वाचलंय हे त्यांनी विचारलं नाही. देव दयाळू आहे, असं मला तेव्हा वाटलं.

उन्हाळ्यात बीदरला मास्तरांचं शिबिर होतं. साहेबांनी मला तिथे बोलावलं — शिकायला नाही, शिकवायला!

शिबिराच्या आधी हळ्ळीखेडच्या बाजारात शरणप्पा भेटला. बैलांच्या बाजारापाशी चिंचेखाली बसून आम्ही शेंगा खाल्ल्या. त्याच्याकडेही मराठीचाच वर्ग आला होता, त्याचीही गत माझ्यासारखीच. मीच आधी बोललो, हे नीट ध्यानात ठेवा. मी म्हणालो, "शरण्या, मला अजून 'ज्ञान' लिहिता येईना." तो पोट धरून हसला. म्हणाला, "मला 'अज्ञान' बी येईना की रे!" दोघे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. कुणापाशी तरी बोलून टाकलं म्हणून मला किती हलकं वाटलं होतं...

आता येतंच ते. थांबा जरा.

बीदरचं शिबिर एका शाळेच्या लांबलचक खोलीत होतं. समोर जमखान्यावर सगळे मास्तर. टोप्या, पटके, घाम, पंख्यासारख्या हलवलेल्या वह्या. मी पुढे उभा, बाजूला खुर्चीवर साहेब, त्यांच्या मांडीवर वही. फळा माझ्या पाठीशी होता आणि त्याची मला वाघासारखी भीती वाटत होती. साहेब म्हणाले, मुद्दे फळ्यावर मांडा. काय करू? मी खडू उचलला, पुढे बसलेल्या एका मास्तराच्या हातात दिला आणि म्हणालो, "शिक्षकाने खडू हातात धरूच नये. खडू शिकणाऱ्याचा." टाळ्या! साहेबांनी ते लिहून घेतलं. पुढे कितीतरी शाळांत माझं ते वाक्य पोचलं, कितीतरी पोरांच्या हातात त्यामुळे खडू आला. भीतीपोटी निघालेलं वाक्य, पण पोरांचं भलं करून गेलं. आहे की नाही गंमत?

गंमत इथपर्यंतच.

तिसऱ्या रांगेतून शरणप्पा उभा राहिला. तो येणार हे मला ठाऊक होतं. सकाळी चहाला आम्ही भेटलो होतो, त्याने माझ्या पाठीवर थाप मारली होती. तो सरळ, मोठ्या आवाजात म्हणाला, "मास्तर, आमचं शिकणं उर्दूत झालंय. मराठी बोलायला येतंय, लिहायला येईना. आमच्यासारख्यानं काय करायचं?"

आज मला वाटतं, त्या जमखान्यावरच्या निम्म्या लोकांचा तोच प्रश्न होता. सगळे माना खाली घालून बसले होते. एकटा शरणप्पा उभा. आणि तो माझ्याकडे बघून हसत होता. त्याला काय वाटलं असेल? त्याला वाटलं, माणक्या आता म्हणेल, मलाही येत नाही, आणि मी काय केलं ते सांगतो. याहून सोपं उत्तर होतं का? माझ्या वर्षभराच्या शिकवण्याचं सगळं सार त्या उत्तरात होतं. ते सांगितलं असतं, तर ते शिबिर खरं झालं असतं.

साहेबांनी वहीतून मान वर केली. माझ्याकडे बघितलं.

आणि मी म्हणालो, "ज्याला स्वतःला लिहिता येत नाही, त्याने आधी शिकावं आणि मग शिकवावं. मुलांचं नुकसान करू नये."

लोक हसले. सुटल्यासारखे हसले, आपल्यावर आलं नाही म्हणून. साहेबांनी शरणप्पाचं नाव आणि गाव विचारून वहीत टिपलं. त्याला एक शब्द पुरला असता. "आणि तुला येतंय व्हय?" एवढं म्हणाला असता, तर मी तिथेच संपलो असतो. त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "व्हय. बरोबर हाय." आणि खाली बसला.

पावसाळा लागायच्या सुमाराला त्याला हुकूम आला. मराठीची परीक्षा पास होईपर्यंत शाळेतून कमी. मला बढतीचा आला. यापुढे मला मास्तरांना शिकवायचं होतं, त्यांच्या शाळा तपासायच्या होत्या.

शरणप्पाने काय केलं, ते मला लोकांकडून कळत गेलं. नुसतं शेत करत तो काय गप्प बसला नाही. सकाळी पाटी घेऊन आपल्याच गावच्या शाळेत, पहिलीत जाऊन बसायचा. शेजारी त्याची स्वतःची सहा वर्षांची मुलगी! ती बापाला म्हणायची, "अप्पा, काना चुकला तुमचा." गाव दारात उभं राहून हसायचं, आणि त्या सगळ्यांत मोठ्याने तो हसायचा. मीही त्याच दिवसांत लिहायला शिकलो. शाळाशाळांतून तपासायला आणलेल्या पोरांच्या वह्यांतून, दाराला कडी लावून.

तो परीक्षा पास झाला. कानडी-मराठी दोन्ही बोलणाऱ्या एका गावात त्याला पुन्हा नेमलं. राज्याचे तुकडे होऊन आमचा जिल्हा म्हैसूरकडे जायच्या आधीच्या हिवाळ्यात मी त्याची शाळा बघायला गेलो. तपासायला गेलो म्हणा ना.

वर्गात एका पोराने विचारलं, दुपारी ज्वारीची पानं आत कामून वळतात? शरणप्पाने डोकं खाजवलं. म्हणाला, "मला न्हाई माहीत. तुमच्यात कुणाला माहीत हाय? न्हाई? चला मग, बघून येऊ." सगळे शेताकडे निघाले. मी मागून चाललो होतो. मी हेच करायचो की! वर्षानुवर्षं मास्तरांना हेच सांगत होतो. पण 'मला माहीत नाही' हे तीन शब्द मी पोरांपुढे एकदाही उच्चारले नव्हते. तो ते पाणी मागितल्यासारखे सहज बोलला, आणि पोरांना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट ती त्याच्या पुढे पळत होती. मी जोखमीने रचलेलं सगळं त्याच्याकडे नुसतं उगवलं होतं. मला हेवा वाटला, आणि आनंदही झाला. दोन्ही खरं.

दुपारी त्याच्या घरी जेवलो. कमलाक्कांनी, त्याच्या बायकोने, गव्हाची हुग्गी केली होती, गुळाची खीरच ती, तूप घालून. भाकर, शेंगांची चटणी, दही. मी अहवालात काय लिहिणार हे त्याने एकदाही विचारलं नाही. बाकावरच्या दिवसांचं बोललो, मुसल्लसचं बोललो, पुष्कळ हसलो. कमलाक्का पाणी आणायला मागे गेल्या. आणि तो एकदम, त्याच हसऱ्या तोंडाने म्हणाला, "माणक्या, बीदरला त्या दिवशी, मी तुझं नाव घेतो की काय म्हणून भ्याला हुतास व्हय रे?"

रागावून नाही विचारलं. दार उघडून धरावं तसं विचारलं. घरात आम्ही दोघेच होतो.

मी घास गिळला आणि म्हणालो, "कोणत्या दिवशी?"

त्याने चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "काही न्हाई. चटणी घे अजून."

मी घेतली.

मला आठवत होतं. त्याने विचारलं तेव्हाही आठवत होतं, शब्दन् शब्द. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मी कधी सांगितलं नाही.