दिव्याची पितळी कडी

माझा शेखर अमरावतीत शिकवणी वर्गात गणित शिकवतो आणि दर रविवारी एक जुनी मॉरिस गाडी दुरुस्त करतो. वरूडच्या संत्रा व्यापाऱ्याच्या गोदामातून ती ओढत आणली, तेव्हा तिच्यात चिमण्यांची घरटी होती. चार वर्षांत इंजिन सुरू झालं, रंग झाला. फक्त डाव्या दिव्याभोवतीची कडी सापडेना. तिच्यासाठी त्याने अकोल्याचा भंगार बाजारही पालथा घातला.

ती कडी दसऱ्याच्या आवराआवरीत मीच भांड्यांच्या दुकानात मोडीत दिली होती. वरची चकाकी उडून खालचं पितळ दिसत होतं. बदल्यात पूजेचं ताम्हण आणलं. त्याला सांगायचं धैर्य मला झालं नाही.

आज गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघणार होती. "आई, ओवाळ तिले. पहिली चक्कर तुहीच," तो म्हणाला. ताम्हण घेऊन गाडीसमोर गेले आणि हात थांबला.

"कावून थांबली वं?"

"शेखर, तुझी कडी या ताम्हणात गेली."

तो ताम्हणाकडे पाहत राहिला. "ओवाळ," एवढंच म्हणाला.

मी डाव्या दिव्यासमोर ताम्हण फिरवलं. त्याने गाडी सुरू केली आणि एकटाच निघून गेला.