बगलेखालची रेघ

माझं अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. शाळा चौथीतच सुटली. हे कुणी वाचणार नाही, तरी आधीच माफी मागते.

सियालदहजवळ सोनं गाळायच्या दुकानात हे भट्टीवर असतात. कामगार सगळे आमच्या सांगलीकडचेच. त्यांचा स्वयंपाक माझ्याकडे. दोन वर्षांमागच्या पावसाळ्यात मी जिन्यात पडले आणि उजवा खांदा मोडला. ऑपरेशनचे पैसे मालकांच्या बायकोने, वहिनींनी, उसने दिले. हाड जुळलं, पण हात वर जाईना.

"जमेल ना गं? नाहीतर गावाकडनं दुसरी बाई बोलावते," वहिनी म्हणायच्या. अगदी मायेनं म्हणायच्या, म्हणून जास्तच धसका बसायचा. काम गेलं तर त्यांचे पैसे कशातून फेडणार?

व्यायामाच्या दवाखान्यात एक बंगाली मुलगी होती. तिने माझ्या मानेला, बगलेखाली आणि पोटाला चिकट चकत्या लावून वायरी जोडल्या. आता करंट देणार, म्हणून मी डोळे गच्च मिटले.

"माशी, हे मशीन काही देत नाही. कुठला स्नायू राबतोय तेवढं दाखवतं," ती हिंदीत म्हणाली. माशी म्हणजे त्यांच्यात मावशी. मग पडद्याकडे बघून हसली. "अजून काही केलंच नाही, आणि मान कामाला लागली!"

म्हणजे भीतीसुद्धा दिसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आधी भिंतीला हात टेकून ढकलायचं, मग टेबलाला. कोपर सरळ झाल्यावरही अजून थोडं ढकलायचं. खांद्यामागचा फरा धरून ठेवणारा स्नायू बगलेखाली असतो, तो माझा झोपला होता. टेबलाला ढकलताना पडद्यावर त्याची रेघ हळूहळू वर येऊ लागली.

पण माझी नजर छताला टांगलेल्या दोन पट्ट्यांवर असायची. तरणी मुलं त्यात हात घालून जोर काढायची आणि थरथरायची. मला वाटायचं, ही शेवटची परीक्षा. यात नापास झाले की वहिनी गावाला फोन लावणार.

एक दिवस तिने मला पट्ट्यांशी उभं केलं. मी जेमतेम वाकले, तर पट्ट्या दोन्हीकडे पळाल्या. पोट आवळलं, दात आवळले.

"धरा मला! पडले, पडले!"

तिने कमरेला धरलं आणि पडदा दाखवला. पोटाची रेघ उंच, मानेची त्याहून उंच. बगलेखालची मात्र टेबलावर यायची त्याहून खाली.

"नापास ना?" मी विचारलं.

"नापास कसली? पट्ट्या हलतात म्हणून पोट जास्त राबतं. तुमचं दुखणं पोटात आहे का? तुमचा स्नायू टेबलावर जागा होतो. घरी ओट्याला धरून करा."

वायरी अंगावर असतानाच मला रडू आलं.

घरी नवीनच भीती. पडदा नाही, मग बरोबर चाललंय हे कळणार कसं? शेवटी लाज सोडून ह्यांना बगलेखाली हात ठेवायला सांगितलं. हे दुसरीकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "टरारलं बघ! अजून ढकल."

भाताचं पातेलं पहिल्यांदा उतरवलं तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. पातेलं खाली टेकलं, तेव्हा त्या आत गेल्या. फोन लावतील म्हणून मी दिवसभर कान देऊन होते. त्यांनी लावला नाही. पुढे दर महिन्याला पगारातून थोडे थोडे पैसे कापून घेतले.

काल म्हणाल्या, "फिटले गं सगळे."