गाण्याआधीचं नाव

माझी बायको अनुसया जात्याच्या खुंट्याला हात लावायच्या आधी एक नाव घ्यायची. देवाचं नाही, बाईचं. आमच्या कडेगावच्या बाजूला लग्नाची हळद जात्यावर दळायची रीत आहे. जात्याला सुपारी आणि हळकुंड बांधतात, पाच सवाष्णी भोवती बसतात आणि ओव्या म्हणत हळद दळतात. त्या पाच जणींत अनु असावी म्हणून आसपासच्या गावांतून बोलावणी यायची. ती बसायची, पदर खोचायची आणि मोठ्याने सांगायची, "ही वांगी गावच्या तानूबाईची." मग ओवी. ती संपली की, "ही माझ्या आईची, तिला तिच्या नणंदेनं दिल्याली." मग ती ओवी. नाव घेतल्याशिवाय तिने एकही ओळ कधी म्हटली नाही.

माझा चुलतभाऊ किसन मांडवाच्या खांबाला टेकून ओरडायचा, "वैनी, गाणं म्हणा की! सातबारा कशाला वाचून दावताय?"

बायका खो खो हसायच्या. अनु हसायची नाही. "भावजी, सातबारा न्हाई वाचला तर माणूस दुसऱ्याच्या बांधात शिरतं. आन त्ये तुमच्याइतकं कुणाला ठावं हाय?"

किसन दर नांगरटीला शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरायचा, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तो पान खायच्या निमित्ताने बाहेर सटकायचा.

ओवी मिळवायला ती मोकळ्या हाताने कधी गेली नाही. आमच्या गावात मुलाण्यांच्या घरी रेहाना मावशी होत्या. त्यांच्याकडे नवरीच्या पाठवणीच्या अशा ओव्या होत्या की ऐकून बापई माणसानेही तोंड फिरवून डोळे पुसावेत. अनु त्यांच्याकडे गेली आणि त्यांची जोंधळ्याची पाटी जात्यावर घेऊन बसली. मावशींचं म्हणणं असं, की जातं फिरल्याशिवाय ओवी आठवत नाही. मग अनुने दळायचं, त्यांनी म्हणायचं. असं तीन-चार दिवस चाललं. अनुच्या हाताला फोड आले. मी म्हटलं, "लग्नात ऐकतीस की त्यांच्या तोंडनं. पाठ हुतंयच आपसूक. कशाला एवढा आटापिटा?" ती म्हणाली, "ऐकून येतंय वो. पर त्ये आणल्यालं व्हतंय, दिल्यालं न्हाई." शेवटच्या दिवशी मावशींनी तिच्या केसांना तेल लावलं आणि म्हणाल्या, "घिऊन जा पोरी. पर जितं जाशील तितं मला बी ने." तेव्हापासून मावशींचं नाव अनुबरोबर गावोगाव फिरलं.

तिचा हा स्वभाव मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळला होता. बाजार करून आम्ही चालत येत होतो. रस्त्याने कारखान्याला उसाच्या गाड्या चालल्या होत्या. चालत्या गाडीतून ऊस उपसायला आमच्याकडे कुणी चोरी म्हणत नाही. मीही एक चांगला जाड ऊस ओढला, गुडघ्यावर मोडला आणि निम्मा तिला दिला. नवी बायको, मला वाटलं खूश होईल. तिने विचारलं, "ज्याचा हाय त्येला इचारलं का?" मी हसलो. ती हसली नाही. तिने माझ्याही हातातला तुकडा घेतला. पुढे ओढ्यावर गाडीवान बैलांना पाणी पाजत थांबला होता, त्याच्यापुढे तिने दोन्ही तुकडे धरले. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "बाई, ऊस माझा न्हाई, मालकाचा. मी काय करू ह्येचं?" ती म्हणाली, "खोचा परत." त्याने खोचले. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. मला वाटलं, ही बाई मला चार माणसांत खाली बघायला लावणार. खाली बघायची वेळ आली, पण ती माझ्यामुळे आली.

पन्नाशी उलटल्यावर मी शिरवळला एका कंपनीत वॉचमन म्हणून लागलो. चौथी शिकलेल्या माणसाला त्या वयात दुसरं काय मिळणार? अनु घरी, मी गेटावर. पोरगी लग्न होऊन सांगलीला गेलेली. दिवाळीला आणि गावच्या जत्रेला तेवढा मी यायचो. हातात मोबाईल आला आणि माझा वेळ जायला लागला. कडेगावच्या स्टँडसमोर विलासचं मोबाईलचं दुकान होतं. त्याच्याकडे मोबाईलमधलं मेमरी कार्ड दिलं की चहा पिऊन येईपर्यंत तो कॉम्प्युटरवरून त्यात पाच-सहा पिक्चर भरून द्यायचा. थेटरात लागून आठवडाही झालेला नसायचा, असले पिक्चर. सगळेच भरून घ्यायचे. मास्तर घ्यायचे, रिटायर फौजी घ्यायचे, मीही घ्यायचो.

अनुने एकदा बघितलं. "ज्यानं पिच्चर काढला त्येला इचारलं का?"

"अगं, तो बसलाय मुंबईत. त्येला काय कळतंय?"

"त्येला न्हाई कळत. तुमाला कळतंय की."

मी मोबाईल खिशात घातला. शिरवळला गेल्यावर परत काढला.

एका दिवाळीला मी निघायच्या आदल्या दिवशी तिने जातं मांडलं. म्हणाली, "त्यो मोबाईल चालू करा, हितं ठिवा आन तुमी भाईर जावा." मी ओसरीवर जाऊन बसलो. आतून जात्याची घरघर येत होती, शब्द कळत नव्हते. थोड्या वेळाने तिने हाक मारली, "झालं. या." मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तकडं गेल्यावर ऐका. आन दुसऱ्या कुणाला ऐकवू नका."

शिरवळला दुपारच्या पाळीत गेटाच्या केबिनमध्ये मी तो कानाला लावला. आधी जात्यावर हात टेकल्याचा आवाज आला. मग तिने नाव घेतलं. म्हणजे कुणाचंच घेतलं नाही. म्हणाली, "ही कुणाची न्हाई. ही माझी हाय." जन्मभर दुसऱ्यांच्या ओव्या म्हणलेल्या बाईने पहिल्यांदा स्वतःची केली होती.

शिरवळच्या गेटावरी उभा माझा शिपाई
त्याच्या वाटणीची भाकर रोज वाळूनिया जाई

निम्म्या वाकळंवं निजते, निम्मी ठेवते राखून
येईल माझा शिपाई दिवाळीचा सण बघून

आणखी चार ओव्या होत्या. त्या मी लिहीत नाही. त्या तिने मला दिल्या होत्या.

जत्रेपर्यंत मी त्या रोज ऐकल्या. जत्रा करून परत जाताना एसटीला वेळ होता म्हणून विलासच्या दुकानात गेलो. कार्ड दिलं. तो म्हणाला, "तात्या, ह्यात जागा न्हाई. जुनं काय हाय त्ये काढून मशिनीत ठिवू का?" तेवढ्यात गाडी लागली, कंडक्टर ओरडायला लागला. मी म्हटलं, "ठिव, ठिव. फुडच्या खेपंला परत घाल." मी हे वाक्य बोललो. माझ्याच तोंडाने बोललो. शिरवळला जाऊन बघितलं तर सहा पिक्चर होते आणि अनु नव्हती. फोन केला तर विलास म्हणाला, "हाय की माझ्याकडं, कुटं जातंय?" पुढच्या खेपेला मी मागायचं विसरलो. विसरलो म्हणजे काय, नवे पिक्चर आले होते.

दुसऱ्या वर्षी मी नोकरी सोडून कायमचा घरी आलो. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या गावात एक लग्न होतं. अनु जात्यापाशी बसली होती. पदर खोचला होता, खुंट्याला हात लागायचा होता, आणि मांडवाबाहेर डीजेवाल्याने गाणं लावलं. खाली ढोल, वर बाईचा आवाज, जरा पळवलेला. "निम्म्या वाकळंवं निजते." पोरं नाचायला लागली. ती ओळ डीजेवाल्याने पाच-सहा वेळा परत परत वाजवली आणि प्रत्येक वेळी पोरांनी शिट्ट्या मारल्या. सुरुवातीचं "ही माझी हाय" कापून टाकलं होतं.

मी मांडवाच्या दारात उभा होतो. अनुने पहिल्यांदा आवाज ओळखला नसावा. मग तिचा हात खुंट्यावरून खाली आला. तिने आवाजाच्या दिशेला बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

शिरवळ आणि शिपाई म्हटल्यावर गावाला कळायला कितीसा वेळ लागतो? पारावरून जाताना हाका यायला लागल्या, "तात्या, आता तरी वाकळ गरम झाली का न्हाई?" मी शिव्या द्यायचो, ते हसायचे. पाणी आणायला गेल्यावर बायका अनुला काय म्हणायच्या, ते तिने मला कधी सांगितलं नाही.

त्या हळदीहून घरी आल्यावर तिने एकदाच विचारलं. "तुमी दिलं का?"

मी म्हणालो, "मी कशाला दिऊ? शिरवळला कुणीतरी मोबाईल घेतला आसंल, काढलं आसंल."

"आसंल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी विलासची कॉलर धरली. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी धरली. तो घाबरला नाही. माझा हात सोडवून म्हणाला, "तात्या, डीजेवाल्याला मी दिलं, कबूल हाय. त्येला आवाज आवडला. पर तुमी इतकी वर्सं माझ्याकडनं पिच्चर नेलं, त्या पिच्चरवाल्याला कवा इचारलं हुतं का?"

"त्ये येगळं, ह्ये येगळं."

"कसं येगळं? सांगा की."

मी म्हटलं, "पुसून टाक." तो म्हणाला, "माझ्याकडचं पुसतो. माझ्याकडं हाय कुटं आता त्ये? त्ये सगळ्यांकडं हाय." त्याने माझ्यासमोर मशिनीतलं पुसलं. मूळचं होतं ते, जात्यासकट आणि नावासकट. मीच पुसायला लावलं. ते एकच होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर अनु गायली नाही. बोलावणी आली तर जायची, पाच जणींत बसायची, जातं ओढायची, पण तोंड मिटून. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "आवाज बसलाय माझा." किसन एकदा म्हणाला, "वैनी, सातबारा तरी वाचा." चेष्टेने नाही, खरंच म्हणाला. ती म्हणाली, "आता कुणाचं नाव घिऊ भावजी? मी दुसऱ्याच्या ओव्या जपल्या आन माझीच बाजारात गेली." घरी मात्र माझ्याशी तिचं वागणं होतं तसंच राहिलं. भाकरी गरम, पाणी तापवलेलं. तिने भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं, मी बोलून गेलो असतो. रोज वाटायचं, आज सांगावं. रोज वाटायचं, तिला कळलंच असणार, मग सांगायचं कशाला?

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. सांगलीच्या दवाखान्यात ठेवली. डॉक्टरांनी पोरीला बाजूला घेऊन सांगितलं, पोरीने मला सांगितलं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिची सून पायाशी बसून मोबाईलवर काही ना काही बघत असायची. एका दुपारी तिच्या मोबाईलमधून ते गाणं लागलं. ढोल आणि वाकळ. मी मोसंबी सोलत होतो.

अनुने डोळे उघडले. त्या सुनेला विचारलं, "बाई, ह्ये कुणाचं गाणं?"

ती म्हणाली, "कुणाचं न्हाई आजी. नेटवरचं हाय."

अनुने मान वळवून माझ्याकडे बघितलं. वाट बघितली. त्या वेळी मी दोन वाक्यं बोलायची होती. एक त्या सुनेला, की हे माझ्या बायकोचं. आणि एक अनुला, की मी दिलं. मी मोसंबीची फोड तिच्या तोंडापुढे धरली. तिने ती खाल्ली नाही. डोळे मिटून घेतले. चौथ्या दिवशी ती गेली.

घरात तिचा एक फोटो आहे, पोरीच्या लग्नातला. आवाज नाही. मी विलासकडे गेलो, डीजेवाल्याकडे गेलो. म्हटलं, ढोलाशिवायचं द्या. तसं कुणाकडेच नाही. आता ती ऐकायची तर ढोलाखालची, पळवलेली, नाव कापलेली ऐकायची. मी तीही ऐकतो. खोटं कशाला बोलू, वाकळ अजून निम्मीच अंथरतो.

या उन्हाळ्यात किसनच्या नातीची हळद होती. जात्यापाशी पाच जणी बसलेल्या. बाहेर डीजेवाल्याने तेच गाणं लावलं. मी उठलो, त्याच्याकडे गेलो आणि बंद कर म्हणालो. तो बंद करेना. किसन मागून आला आणि त्याच्यावर ओरडला, "बंद कर म्हंत्यात न्हवं? माइक दे तात्याला."

माइकवर मी जन्मात बोललो नव्हतो. म्हणालो, "ह्ये गाणं माझ्या बायकोचं, अनुसयाचं. तिनं त्ये मला एकट्याला दिलं हुतं. कुणाला ऐकवू नका म्हणाली हुती. पिच्चर भरून घ्यायसाठी मी त्ये विलासच्या मशिनीत ठिवलं. तिनं मला इचारलं तवा मी खोटं बोललो. चोर मी हाय."

जात्यापाशी रेहाना मावशींची सून होती, तिने डोळ्याला पदर लावला. कुणीतरी मला खुर्ची दिली. डीजेवाल्याने किसनकडे बघितलं, किसनने मान खाली घातली, आणि पोरांना नाचायचं होतं म्हणून दुसरं कुठलंतरी गाणं लागलं.

मी खुर्चीत बसून राहिलो. अनु नाव गाण्याच्या आधी घ्यायची. मी नंतर घेतलं.